समुद्राला हाक मारायला मुलुंडला

मुंबईला लोक समुद्र बघायला जातात. मी आमचा समुद्र लॅपटॉपमध्ये भरून मुंबईला घेऊन गेले, आणि तोही मुलुंडला, जिथून खरा समुद्र बघायचा तर अर्धा दिवस मोडावा लागतो. निघताना शेजारच्या मेडिकलवाल्या काकांनी विचारलं होतं, "वैजूताई, मुलुंडात बघण्यासारखं आहे तरी काय?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देता येईल असं वाटतं, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी कामाचं सांगते. कराडला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, डोहाळजेवण, वास्तुशांत, सगळ्याचे व्हिडिओ आम्ही करतो. पण शाळेत असताना वाचनालयातली जुन्या विलायती भयकथांची भाषांतरं वाचून माझं डोकं जे बिघडलं, ते कायमचं. त्या गोष्टींत पांढऱ्या साडीतली बाई नसायची की पैंजणांचा आवाज नसायचा. फार मोठं आणि फार जुनं असं काहीतरी असायचं, ते शेवटपर्यंत दिसायचं नाही, आणि माणसं नुसत्या त्याच्या चाहुलीनं कामातून जायची. असा एक सिनेमा आपण करायचाच, हे मी तेव्हापासून मनात धरलं होतं. नवऱ्यानं "कर बाई एकदाचा" म्हणेपर्यंत केस पांढरे व्हायला लागले, एवढंच.

त्या सिनेमाचं नाव 'सुकती'. मालवणी मुलखात ओहोटीला सुकती म्हणतात. गोष्ट अशी, की वेंगुर्ल्याच्या पुढच्या एका गावात समुद्र रोज थोडा जास्त मागे जायला लागतो आणि परत तेवढा येत नाही. गावकरी खूश, उघड्या पडलेल्या वाळूत खुंट्या ठोकून वाटण्या करतात. एका म्हातारीला मात्र कळतं, की पाणी मागे गेलेलं नाही, कुणीतरी ते श्वासासारखं आत ओढून घेतलं आहे. शेवटच्या प्रसंगात ती आपल्या दारात उभी राहते आणि त्या न दिसणाऱ्या कुणाला तरी घरात बोलावते. तिथे सिनेमा संपतो. काही दिसत नाही. जे काय आहे ते त्या हाकेत आहे.

ही म्हातारी म्हणजे भागीरथी सावंत, आमच्या भागूकाकी. त्या नटी नव्हेत. त्या गावात एका लग्नाच्या शूटिंगला गेले असताना मी त्यांना तिन्हीसांजेला कोंबड्यांना घरात बोलावताना ऐकलं होतं. आवाज चढवलेला नाही, लाडीगोडी नाही, एकेक शब्द शांतपणे खाली ठेवल्यासारखा. कोंबड्या गेल्याच, पण मीही दोन पावलं पुढे गेले. त्या आवाजावरून सिनेमा सुचला.

आणि तोच आवाज आम्ही घालवला. आम्ही पडलो लग्नवाले. लग्नाच्या व्हिडिओत आवाज कोण ऐकतं? वरून सनई नाहीतर गाणं टाकलं की काम झालं. तेव्हा समुद्रकाठी शूटिंग करताना चित्र एक नंबर घेतलं, आणि आवाजात निव्वळ वारा. कराडला येऊन ऐकलं तेव्हा हे कळलं. बाकीच्या पात्रांचं नंतर कसंबसं जमवलं. काकींची हाक उरली. ती मिळाली नाही तर सिनेमा नाही, इतकं साधं गणित होतं.

मधल्या काळात काकी गावी पडल्या, खुब्याला मार बसला. त्यांचा मुलगा प्रदीप मुलुंडला राहतो, तो येऊन त्यांना घेऊन गेला आणि घराला कुलूप लागलं. मी फोन केला तर काकी म्हणाल्या, "ये गो, बघूया." मी ते होकार समजून अंधेरीचा डबिंग स्टुडिओ शुक्रवारसाठी ठरवला आणि फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मुलुंडला जाऊन थडकले.

मुलुंड

आमच्या कराडात कुणाकडे पाहुणा आला, की तो दारात पोचायच्या आधी गल्लीला कळलेलं असतं. मुलुंडला उलटं. सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं थांबवलं, "किसके यहाँ?" म्हणून विचारलं, माझा फोटो काढला, वर फोन लावला, वरून होकार आला, तेव्हा फाटक उघडलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढले, त्यामुळे विचारल्याशिवाय माझा फोटो काढलेला मला मुळीच आवडला नाही, आणि तसं मी त्याला सांगितलंही. तो हसून म्हणाला, "रूल है मॅडम."

दुसऱ्या मजल्यावर काकी गॅलरीत बसल्या होत्या. पुढ्यात कुंडीतलं मिरचीचं रोप. मला बघून तोंडभर हसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "स्मिता, बांगडो भाज." स्मितावहिनींनी आधी घरातल्या झाडून सगळ्या खिडक्या लावल्या, पंखा लावला, दारापाशी पायपुसणं दाबून ठेवलं आणि मग सुका बांगडा तव्यावर टाकला. वरच्या मजल्यावरच्यांना वास चालत नाही. भांडण नाही, दिवाळीला फराळ जातो-येतो, पण वास चालत नाही. आम्ही चौघं त्या धुरात डोळे पुसत जेवलो. आमसुलाची कढी, उकड्या तांदळाचा भात आणि तो बांगडा. डोळ्यांतलं पाणी धुराचं होतं की चवीचं, ते मला सांगता यायचं नाही.

जेवण झाल्यावर मी शुक्रवारचा विषय काढला. काकींनी पानाला चुना लावता लावता मान हलवली.

"बोलूचंय नाय."

"काकी, म्हणजे शुक्रवारी जमणार नाही? शनिवारी चालेल?"

"शनवारी पण नाय. रागावूक नाय मी तुझ्यावर. पण मी ती हाक हय मारूचंय नाय."

इथे का नाही, ते विचारलं तर पान तोंडात. प्रदीपराव एका कंपनीत कॉस्टिंगमध्ये आहेत, बोलतातही हिशेबी. ते म्हणाले, "अहो ताई, आईचं असंच असतं. मोबाईल द्या, झोपाळ्यावर बसली असताना मी हळूच रेकॉर्ड करून देतो." मी म्हटलं, चोरून घेतलेली हाक मला नको. मला रागच आला होता. इतक्या लांबून आले, सगळं जुळवलं, आणि म्हातारी पान चघळत बसली आहे. पण राग आला की मला काम सुचतं. मुलुंडला काकी नाही म्हणाल्या तर मुंबईत आवाजांना काय तोटा?

मालाड

स्टुडिओवाल्या जयेशभाईंना फोन केला. हे बोरिवलीचे गुजराती, मराठी आपल्याहून फाडफाड. म्हणाले, "ताई, टेन्शन नाय घ्यायचं. मालाडला शलाका आहे. ती कुणाचा पण आवाज काढते. झकास काम."

दुसऱ्या दिवशी मालाडला गेले. स्टेशनबाहेरच्या बाजारातून चालताना मला दोनदा वाटलं, की आता आपण एखाद्याच्या दुकानातच शिरलो. रस्ता कुठला आणि दुकान कुठलं याची सीमा तिथे कुणी मानत नाही. शलाकाच्या घरी पोचले तेव्हा एका हातात पर्स होती आणि दुसऱ्या हातात, का कोण जाणे, विकत घेतलेली चाळणी.

शलाका कार्टूनमधल्या खारीचा आवाज देते आणि मालिकांमधल्या खाष्ट सासवांचाही. कपाटाचं दार उघडून, आत लटकलेल्या कपड्यांच्या मध्ये माइक लावून ती घरी काम करते. तिनं आधी मला शेवपुरी खायला घातली आणि मग ते दृश्य बघितलं. मग कपाटात तोंड घालून तिनं हाक दिली. एकदा घोगरी, एकदा कुजबुजती, एकदा अशी थरथरती, की मी चाळणी छातीशी धरली. मी म्हटलं, "वा!"

शलाकानं मात्र माइक बंद केला. मग वळून म्हणाली, "ताई, खरं सांगू ना? मी घाबरवतेय. ही बाई घाबरवत नाहीये यार. तिचे ओठ बघ. ती कुणाला तरी खरंच आत बोलावतेय. मी पन्नास वेळा करेन तुझ्यासाठी, पण तू तिलाच आण."

मला ते पटलं आणि पटलं म्हणून जास्तच चिडचिड झाली. घाटकोपरपर्यंत आले आणि तिथल्या खाऊगल्लीत रागाच्या भरात एक डोसा मागवला. त्यावर चीज, त्यावर शेजवान, त्यावर कोबी, त्यावर पुन्हा चीज. आमच्याकडे डोशात बटाट्याची भाजी घातली तरी वडील मंडळी 'नाटकं' म्हणतात. तो डोसा मी सगळा संपवला आणि तिथेच ठरवलं, की काकी नाही का म्हणतात, ते कळल्याशिवाय कराडला परत जायचं नाही.

पुन्हा मुलुंड

गुरुवारी सकाळी काकींबरोबर फिरायला निघाले. डॉक्टरांनी त्यांना काठी घेऊन रोज थोडं चालायला सांगितलं आहे. फाटकाबाहेर पडून कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत. कोपऱ्यावर एक पिंपळ आहे. त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड, वर पत्र्याचं छप्पर, पुढे कुणीतरी ठेवलेली जास्वंद. येणारे-जाणारे चप्पल काढून पाया पडत होते. काकी मात्र रस्त्याच्या अलीकडेच थांबल्या आणि लांबूनच हात जोडले. मी म्हटलं, "चला ना, धरते मी." तर म्हणाल्या, "नको. माझी वळख नाय."

मला वाटलं, काहीतरी गंमत करताहेत. परत आलो तर फाटकावर नवीन वॉचमन. त्यानं काकींनाच अडवलं. "माताजी, किसके यहाँ?"

"प्रदीप सावंताकडे इलंय," काकी म्हणाल्या.

इलंय, म्हणजे आलेय! स्वतःच्या मुलाच्या घरी इतके महिने राहणारी बाई फाटकावर पाहुण्यासारखं उत्तर देत होती. मी वॉचमनवर तोंड टाकणार, तेवढ्यात काकींनी माझा हात दाबला. आत बाकावर बसलो आणि मी सरळ विचारलं, "काकी, तुमच्या मनात आहे काय? मी काही चुकले का?"

काकींनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "तू चुकूक नाय गो. आयक. गावाक तुझा सिनेमा सुरू करूच्या आधी भाऊंनी गाऱ्हाणा घातलेला, आठवता?"

आठवत होतं, भाऊ म्हणजे त्या गावचे मानकरी. कोकणात कुठलंही काम काढलं, की आधी गाऱ्हाणं घालतात. गावातला मानकरी नारळ-विडा ठेवून देवांना आणि त्या जागेच्या राखणदाराला मोठ्यानं सांगतो, की महाराजा, आम्ही असं असं करतोय, सांभाळून घे. बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणतात. राखणदार म्हणजे त्या शिवेच्या आतली माणसं सांभाळणारा, न दिसणारा रखवालदार. आम्ही देशावरचे, नारळ फोडला की मोकळे. त्यामुळे भाऊंचं गाऱ्हाणं चाललं असताना मी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मोजत होते.

"तेवा भाऊंनी राखणदाराक सांगितल्यानी," काकी पुढे म्हणाल्या, "की ही बायल खेळ करता हा. खोटीच हाक मारतली, तू मनाक लावून घेव नको. म्हणान मी थय मारलंय. हयच्या राखणदाराक कोणी काय सांगला? मी कोण, खयची, ता पण तेका ठावक नाय. माझी वळखच कोणी करून देवक नाय. इतके म्हयने मी पाव्हणी कशी रवतंय." त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं. "आणि पाव्हण्यान दुसऱ्याच्या दारात उभ्या रवान कोणाक घरात बोलवूचा नसता."

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली, कारण दोन दिवस मी या बाईला हट्टी म्हणत होते. मी विचारलं, "मग इथे गाऱ्हाणं कुणी घालायचं? मी माणूस शोधते. घाटकोपर-भांडुपला तुमच्याकडची एवढी मंडळी आहेत."

"भायरचो कित्याक? घरचो झिल आसा मा माझो," काकी मुलाबद्दल म्हणाल्या. "पण तेका तू सांग. मी सांगूचंय नाय."

संध्याकाळी प्रदीपराव कामावरून आले. चहा होऊ दिला आणि मग सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"ताई, मी? रस्त्यावर उभा राहून गाऱ्हाणं? इथे मला सगळे ओळखतात. मी सोसायटीचा खजिनदार आहे."

"मग खजिनदारानं घालावं."

"चेष्टा नको. बाबा घालायचे गाऱ्हाणं. गाव थांबून ऐकायचं. ते गेल्यावर जत्रेला मान माझ्याकडे आला. उभा राहिलो, आणि चार वाक्यांत अडकलो. सगळं गाव बघत होतं. शेवटी काकांनी पुढे म्हटलं. तेव्हापासून मी ते तोंडातून काढलेलं नाही." एवढं बोलून ते टीव्हीकडे बघायला लागले. टीव्ही बंद होता.

मी पुष्कळ बोलले. शुक्रवार सांगितला, जयेशभाई त्यानंतर लांबच्या कामाला जाणार हे सांगितलं, सिनेमावर किती जणांची दोन वर्षं गेली तेही सांगितलं. ते नाहीच म्हणत राहिले. मग मी बोलणं बंद केलं. लॅपटॉप उघडला, जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला आणि शेवटचं दृश्य लावलं. आवाज नसलेलं.

त्यांचंच घर होतं ते. आता कुलूप लागलेलं. पायरीशी तुळस, ओली वाळू पार क्षितिजापर्यंत, आणि दारात काकी. ओठ हलतात, आवाज नाही. प्रदीपरावांनी ते बघितलं आणि हात लांब करून पुन्हा लावलं.

"आई काय म्हणतेय इथे?"

"'ये. भायर कित्याक रवलंस? घरात ये.'"

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मी कागदावर नुसतं 'ये' लिहिलं होतं. पुढचं, बाहेर का राहिलास ते, काकींनी आपलं आपण म्हटलं."

त्यांनी दृश्य तिथेच थांबवलं. मग चष्मा काढला. "मी रुसलो की बाहेर खळ्यात, अंगणात जाऊन बसायचो. बाबांनी मारलं की, नाहीतर परीक्षेत गटांगळी खाल्ली की. ही दारात यायची आणि एवढंच म्हणायची. दुसरं काही नाही. मग जावंच लागायचं आत." आतल्या खोलीत काकींच्या काठीचा आवाज झाला. त्या ऐकत होत्या, हे आम्हाला दोघांनाही कळलं.

प्रदीपरावांनी नाक पुसलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "स्मिता, घरात नारळ आहे का गं?"

पिंपळाखाली

शुक्रवारी सकाळी आम्ही खाली उतरलो. प्रदीपराव ऑफिसच्या कपड्यांतच, पण डोक्यावर टोपी. स्मितावहिनींच्या हातात नारळ, विडा, फुलं. काकींनी नऊवारी नेसली होती, ती शूटिंगच्या वेळचीच. मी कॅमेरा आणला नव्हता. रात्री बरोबर घ्यावा का, असा विचार मनात आला होता, पण काही गोष्टींचे फोटो काढायचे नसतात एवढं मला धंद्यात राहून कळलं आहे.

पिंपळाखाली दूधवाला थांबला, पोरांना शाळेच्या बसपाशी सोडायला आलेल्या दोन बायका थांबल्या, आणि कालचा तो नवीन वॉचमनही काय चाललंय ते बघायला आला. प्रदीपरावांचे कान लाल झाले होते. काकींनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, त्यानं वाक्य सोडलं की आपण "व्हय महाराजा" म्हणायचं, आणि खणखणीत म्हणायचं.

"बा हयच्या राखणदारा महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही तिघी.

"गावदेवी माये, बारा-पाचाच्या देवांनो! आज तुमचा लेकरू तुमच्या पायाकडे उभा आसा महाराजा!"

"व्हय महाराजा!" यात दूधवालाही मिसळला. तो देवगडकडचा निघाला.

"जो काय नारळ-विडो ठेवलेलो आसा, तो मान्य करून..." आणि प्रदीपराव थांबले. पुढचं येईना. ओठ हलले, शब्द नाही. मी काकींकडे बघितलं. त्यांना पुढचं सगळं पाठ असणार, चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी सांगितलं नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या मुलाकडे बघत उभ्या राहिल्या.  आता हा माणूस वळून घरी जाणार आणि सिनेमा संपणार, असं मला स्पष्ट दिसलं.

प्रदीपरावांनी टोपी सारखी केली. मग एकदम आवाज उतरला आणि ते घरात बोलावं तसं बोलायला लागले.

"महाराजा, ही माझी आवस. मी हिका हय हाडलंय, पण तुका सांगूक इसारलंय. ती चूक माझी. पदरात घे."

"व्हय महाराजा!"

"आजपासून ती हयचीच. हय जा घर आसा, ता पयला तिचा, मगे माझा. तिका आपली म्हण, तिची राखण कर."

"व्हय महाराजा!" आता वॉचमनही म्हणाला. त्याला कळलं काय होतं, देव जाणे.

"आणि आज ती अंधेरीक जावन एक खोटी हाक मारतली. ता खेळासाठी आसा महाराजा. ती आयकान कोण भलता इला, तर तेका शिवेवरच थांबव!"

"व्हय महाराजा!"

नारळ फुटला. काकी पुढे झाल्या, चप्पल काढली आणि पहिल्यांदाच त्या दगडासमोर जाऊन वाकल्या. वाकताना त्यांचा खुबा दुखला असणार, पण त्यांनी कुणाचा हात घेतला नाही. स्मितावहिनी रडत होत्या. मीही रडत होते, उगाच खोटं कशाला सांगू?

मी हळूच विचारलं, "काकी, पण अंधेरीचा राखणदार वेगळा असेल ना?"

"असतलो. राखणदार राखणदाराक निरोप देतत," काकी म्हणाल्या. त्या खात्यात आपल्याला काय कळणार?

अंधेरी

टॅक्सी पवईवरून गेली. तलाव दिसल्यावर काकींनी काच खाली करायला लावली. "ह्या पाणी मागे सरता काय रे?" प्रदीपराव म्हणाले, "नाय आई, तलाव आसा." काकींनी समाधानानं मान डोलावली, "मगे बरा." मुलगा आईशी मालवणीत बोलत होता. मंगळवारपासून मी त्याला घरात एकदाही मालवणी बोलताना ऐकलं नव्हतं.

जयेशभाईंचा स्टुडिओ एका औद्योगिक वसाहतीत, खाली बटणांचा कारखाना आणि वर हा. भिंतींना काळे स्पंज, मध्ये माइक, समोर पडदा. काकींनी आत जाऊन सगळ्याला हात लावून बघितला. हेडफोन घातले आणि लगेच काढले. "कान बंद करून कोणाक बोलवूचा कसा?" जयेशभाई म्हणाले, "काकी, हेडफोनशिवाय लिप मॅच नाय होणार, वाट लागेल." मी त्यांना खूण केली, राहू द्या.

पडद्यावर वाळू आली, दार आलं, काकी आल्या. काचेपलीकडे खऱ्या काकी त्या दाराकडे बघत उभ्या. त्यांचं ते घर. मला वाटलं, आता त्यांचा आवाज कापणार. कापला नाही.

"ये," त्या म्हणाल्या. "भायर कित्याक रवलंस? घरात ये."

शलाका म्हणाली ते अगदी खरं होतं. त्यात घाबरवणं नव्हतं. मालकिणीनं आपल्या उंबऱ्यावरून बोलवावं, तेवढंच होतं. आणि ती कुणाला बोलावते आहे हे ठाऊक असल्यामुळे माझ्या मानेपासून टाचेपर्यंत थंड लहर गेली. ओठ एका शब्दालाही चुकले नव्हते. जयेशभाईंनी बटणावरचं बोट उचललं नाही. थोड्या वेळानं ते माइकमध्ये म्हणाले, "काकी, सेफ्टीसाठी अजून एक घेऊ या ना?"

"नको रे झिला," काचेपलीकडून उत्तर आलं. "परत बोलवलंय तर दोघे येतले."

जयेशभाईंनी मुकाट्यानं मशीन बंद केलं.

प्रदीपराव काकींना घेऊन पुढे गेले. मी मागे राहून ती हाक चित्रावर बसवून घेतली, दोन ठिकाणी जपून ठेवली आणि मेट्रोनं घाटकोपर, तिथून पुढे अशी मुलुंडला परतले. माझी बॅग त्यांच्याकडे होती, आणि कराडची गाडी संध्याकाळी होती. पाय दुखत होते, पण मी हवेत चालत होते. सिनेमा झाला होता. माझा, आमच्या लग्नवाल्यांचा सिनेमा झाला होता.

फाटकावर तोच वॉचमन, पिंपळाखाली आमच्याबरोबर ओरडलेला. तरी त्यानं फाटक उघडलं नाही. फोन हातात घेतला आणि मला म्हणाला, "किसके यहाँ?" मी म्हटलं, "अरे बाबा, सकाळी एकत्र नारळ फोडला ना आपण?" तो ओशाळं हसला. "रूल है मॅडम. ऊपर फोन लगाता हूँ."

त्यानं आकडे दाबायच्या आधी वरून आवाज आला. काकी गॅलरीत मिरचीच्या रोपाला पाणी घालत होत्या. तांब्या हातातच होता.

"सोड रे तिका. माझ्याकडली पाव्हणी आसा ती." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, एकेक शब्द खाली ठेवत त्या म्हणाल्या, "भायर कित्याक रवलंस गो? घरात ये."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि मी निमूटपणे आत गेले.